'भोंदू'चा 'थोर' कसा झाला

त्या दुपारी आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत माझ्या कॉम्प्युटरभोवती ही गर्दी. छपाईवाले, हिशेबनीस, शिपाईमामा, सगळे चपला दाराबाहेर काढून आले होते. मी टाइप केलं, 'भोंदू'. स्पेस दाबली आणि त्याचा 'थोर' झाला. पुढे 'साखरबाबा' जसेच्या तसे राहिले.

"आता तरी पटलं का?" जाहिरातवाला म्हणाला. तो बाबांचा पट्टशिष्य. "बाबांच्या नावाला शिवी चिकटतच नाही. सूक्ष्म कंपनं असतात ती. विजेच्या तारेतून येतात."

कंपनं तारेतून येत होती, पण बाबांच्या काढ्याने कुणाची साखर काही उतरत नव्हती. हीच माझी बातमी होती. काढ्याच्या नादी लागून इन्शुलिन सोडलेले लोक दवाखान्यात भरती होत होते. मला लहानाचं मोठं करणारी माझी मावशीही घरी तेच करत होती, आणि तिच्या पायाची जखम भरत नव्हती.

"बातमी राहू द्या," मालक म्हणाले. "विषाची परीक्षा कशाला?"

"जरा थांबा." मी सेटिंग उघडली. "हे ऑटोकरेक्ट. घाईत चुकलेला शब्द आपोआप सुधारायची सोय. अमुक शब्द आला की तमुक कर, असं इथे कुणीही सांगून ठेवू शकतं. मी जेवायला गेले की या खुर्चीत कोण बसतं?"

जाहिरातवाला छताकडे बघू लागला. मग मीही एक शब्द तसाच भरून ठेवला. "साहेब, आता 'मालक' लिहा."

मालकांनी लिहून स्पेस दाबली. पडद्यावर आलं, 'नोकर'.

कुणी हसलं नाही. शिपाईमामांनी हळूच हात जोडले, तेही मला. "बाई, तुमच्यातही शक्ती आहे की." मालकांनी मान डोलावली. मी हात टेकले. माझी बातमी पडून राहिली आणि पहिल्या पानावर चमत्कार छापायचं ठरलं.

माझी कीर्ती माझ्याआधी घरी पोचली होती. मावशी पाय उशीवर ठेवून बसली होती. "तुझ्या हाताखाली शब्द बदलतात म्हणे."

"ती शक्ती नाही गं, सॉफ्टवेअर आहे. तुलाही जमेल. मावशी, पाया पडते, इंजेक्शन घे."

"शक्ती नाही?" तिचा चेहरा उतरला. "मग बाबांचा काढाच बरा. तुझ्यात काही असतं, तर तुझं ऐकलं असतं."

त्या सुजलेल्या पायाकडे मला बघवेना. रडू आलं. "आहे शक्ती," मी म्हटलं. "दंड पुढे कर."

तिने डोळे मिटून सुई टोचून घेतली आणि मला नमस्कार केला. आमच्या घरात नवा भोंदू आला होता, आणि तो मी होते.

वाचकहो, मावशीला पटवता आलं नाही ते तुम्हाला सांगते. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, आपल्याआधी या खुर्चीत कोण बसलं होतं? आणि डॉक्टरांचं औषध सोडू नका. मी सांगते म्हणून नव्हे. रक्त तपासून घ्या आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.