मुकी पेटी

मापाचा चमचा पुन्हा हातात आला – निळा, प्लॅस्टिकचा, दांडीशी जरा वाकलेला – आणि तो ठेवायचा कुठे हे न सुचून ती त्याच्याकडे बघत राहिली. सकाळपासूनची ही चौथी खेप. दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकला की तो आत बुडतो, पिशवीत सुटा टाकला की हरवतो, आणि हरवला की... हरवला की काय होतं ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तिनं तो ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा केला. राहा इथे, डोळ्यांसमोर.

सव्वाची गाडी. पाच तासांचा प्रवास, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर पडलेले बाबा. त्यांचं खुब्याचं हाड मोडल्याला आठ महिने झाले होते आणि तिला लेक झाल्याला सात. म्हणजे आजोबांनी नात अजून पाहिलीच नव्हती, फोनच्या पडद्यावर दिसली तेवढीच. ‘टपालाच्या तिकिटाएवढी दिसते गं,’ ते म्हणाले होते, ‘खरी केवढी आहे?’ त्यावर तिला उत्तर सुचलं नव्हतं. नवऱ्याला रजा नव्हती. पुढच्या महिन्यात सगळेच जाऊ, तो म्हणायचा, आणि असा पुढचा महिना तीनदा येऊन गेला होता. मग परवा जेवताना ती एकदम बोलून बसली – ‘मी जाते. आम्ही दोघीच जातो.’ कुणी नको म्हटलं नाही. नवऱ्यानं सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी पाण्याच्या तांब्याकडे, आणि मग दोघंही तिच्याशी इतकं जपून बोलू लागली, आजारी माणसाशी बोलतात ना, तसं. नको म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

आणि हे कुणाला? जिनं अकरा वर्षं काचेची उपकरणं पेट्यांत भरली तिला. तापमापकं, सुईएवढ्या नळ्या, फुंकर मारली तरी तडकतील असे पातळ फुगे – सगळं तिच्या हातून समुद्रापार गेलं होतं आणि धडधाकट पोचलं होतं. अकरा वर्षांत तक्रारी दोन, त्यातली एक बोटीवाल्यांच्या चुकीची. कारखान्यातल्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं : पेटी भरून झाली की उचलायची, कानाशी धरायची आणि हलवायची. आत जरा जरी वाजलं तरी पेटी सोडायची, पुन्हा भरायची. ‘पेटी मुकी झाली पाहिजे,’ ते म्हणायचे, ‘बोलकी पेटी म्हणजे फुटकी पेटी.’ तिच्या पेट्या पहिल्याच खेपेला मुक्या व्हायच्या. ती बाळंतपणाच्या रजेवर निघाली तेव्हा मेस्त्री म्हणाले, पोराला तरी कागदाच्या कात्रणांत गुंडाळू नकोस बाई, आणि सगळा विभाग हसला होता. तीही हसली होती.

तीच बाई चार महिन्यांपूर्वी औषधाच्या दुकानापासून परत फिरली होती. दवाखाना दहा मिनिटांवर, काम लस टोचून घेण्याचं, फार तर तासाभराचं. तरी तिनं दोन दिवसांचं सामान भरलं होतं, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी एकदम मनात आलं – चमचा? तिनं पिशवी पायरीवर उपडी केली. झबली, दुपटी, बाटली, पावडरीचा डबा... माणसं वळसा घालून जात होती, पोर रडून लाल झाली होती, आणि चमचा नव्हता. त्याची गरजही नव्हती, हे तिला तेव्हासुद्धा कळत होतं. पण कळणं एकीकडे आणि गुडघ्यांतली कळ एकीकडे. घरी येऊन ती म्हणाली, ‘दवाखाना बंद होता.’ दुसऱ्या दिवशी सासूबाई नातीला घेऊन गेल्या, टोचून आणलं, अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यानंतर तिनं लेकीला एकटीनं त्या कोपऱ्याच्या पलीकडे नेलेलं नव्हतं... एकदाही नाही. टोचायला आजी, फिरायला बाप, आणि ती घरात, पेट्या भरणारी.

“हे एक असू दे,” सासूबाई दुपट्याची घडी पुढे करत म्हणाल्या. “लागलंच तर.”

“बारा झाली, आई.”

“मग तेरावं काय जड होणार आहे?”

तिनं घेतलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान सासू नसते, असं तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं. हात मात्र थांबले नव्हते. खाली लंगोट, सपाट थरांत, त्यावर कपडे, मध्ये बाटल्या, प्रत्येक दुपट्यात गुंडाळलेली, कोपऱ्यांतल्या फटींत मोजे, टोपडं, खुळखुळा – त्याच्याही पोटाशी फडकं दाबून. बोटांना सगळं आठवत होतं. तिनं चेन ओढली, पिशवी उचलली, कानाशी धरली, हलवली. चकार शब्द नाही. अगदी मुकी. साडेअकरा वाजले होते आणि तिला कित्येक महिन्यांनी स्वतःचा अभिमान वाटला.

नेमक्या त्याच वेळी सतरंजीवर पडलेल्या लेकीनं कार्यक्रम उरकला. साधासुधा नाही, पाठीपर्यंत, झबल्यासकट. तिनं पोरीला डाव्या हातावर उचललं, उजव्या हातानं चेन उघडली, आणि... लंगोट तळाशी. लंगोटांवर कपडे, कपड्यांवर बाटल्या, सगळं एकमेकांत असं घट्ट बसवलेलं की एक ओढावं तर दुसरं सुटेना. एका हातानं तर मुळीच नाही. ती ओढत राहिली. पोर हातातून घसरू लागली, रडू लागली, मग तिनं पिशवीच पलंगावर उपडी केली – आणि समोर तेच सगळं पसरलं, झबली, दुपटी, बाटली, फक्त पायरीच्या जागी पलंग. गुडघ्यांतून ती ओळखीची कळ वर चढू लागली. आता म्हणायचं, गाडी चुकली. म्हणायचं, हिला जरा कणकण वाटते. दवाखाना बंद होता...

“त्या दिवशी दवाखाना उघडा होता,” सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी नातीला काढून घेतलं होतं, धुवायला नेत होत्या, आणि बोलणं पाण्याचं भांडं मागावं इतकं सहज होतं. “दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंना विचारलं मी.”

तिला मान वर करता येईना. “मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? तुझ्या नवऱ्याला मी शिंप्याच्या दुकानात विसरून आले होते. दीड वर्षाचा होता. कापड मात्र आठवणीनं आणलं.” त्यांनी नातीला खांद्यावर सरकवलं. “सासूला आजतागायत सांगितलेलं नाही. ए गाठोड्या, चल, तुझं बूड धुऊ.”

गाठोडं आजीच्या खांद्यावरून मागे बघत, रडता रडता मध्येच हसलं. आणि ती पलंगाच्या कडेवर बसून आधी जरा रडली, मग तिला हसू फुटलं. नवरा, दीड वर्षाचा, शिंप्याच्या दुकानात गिरणीच्या भोंग्यासारखं भोकाड पसरलेला... चार महिने लपवलेलं खोटं असं आपसूक निघून गेलं होतं. गुडघे? ते गुडघ्यांच्या जागी होते.

मग तिला चूक दिसली, इतकी लख्ख की लाज वाटण्याऐवजी मजा वाटली. मेस्त्रींची पेटी वाटेत कुणी उघडत नाही. ती पोचण्यासाठी भरायची असते, आणि ही पिशवी उघडण्यासाठी. पाच तासांत दहा वेळा, एका हातानं, न बघता. अकरा वर्षांची विद्या तिनं उलटी धरली होती, एवढंच. विद्या खोटी नव्हती.

तिनं नव्यानं भरायला घेतलं. शेवटी लागणारं तळाशी, आधी लागणारं वर. एका बदलाला एक जुडी – लंगोट, झबलं, फडकं – अशा सहा जुड्या. डावीकडे बाटल्या, उजवीकडे दूध. आणि दूध चमच्यानं मोजून आत्ताच सहा छोट्या डब्यांत, म्हणजे हलत्या गाडीत मोजायला नको; पुढचा डबा तिथेच विकत घेता येईल. दुपटी पाच. आठ तिनं सासूबाईंसमोरच कपाटात परत ठेवली आणि सासूबाईंनी पडद्याची घडी नीट केली. मग धुतलेली, कोरडी लेक कमरेवर घेऊन तिनं डोळे मिटले, पिशवीत हात घातला. जुडी. बाटली. डबा. फडकं. पुन्हा एकदा. लेक तिच्या कानात बोट घालून हा खेळ ऐकत होती. सगळं जिथल्या तिथे होतं आणि सगळं सैल होतं.

“मी येऊ स्टेशनपर्यंत?”

“नको, आई.”

हे नको तिनं इतकं मोकळेपणी म्हटलं की सासूबाईंना आत कुठेतरी बरं वाटलं असावं. त्यांनी नातीचं टोपडं उगाचच सारखं केलं.

ती जिना उतरून रस्त्यावर आली. बसचा थांबा औषधाच्या दुकानाच्या पुढे होता. दुकानाच्या पायरीपाशी पोचते न पोचते तोच मागून, वरच्या सज्जातून हाक आली –

“अगं, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! चमचा राहिला गं!”

ती थांबली. अगदी तिथेच. वर सासूबाईंच्या हातात तो निळा चमचा हलत होता. तिनं गुडघ्यांतल्या त्या कळेची वाट पाहिली, जरा वेळ देऊन पाहिली... पोर रडत नव्हती, माणसं वळसा घालून जात होती, आणि कळ येत नव्हती.

“मोजून घेतलंय सगळं,” ती ओरडून म्हणाली. “राहू दे तुमच्याकडे.”

आणि ती चालू लागली. पायरी मागे पडली. पिशवी पावलागणिक वाजत होती – बाटलीवर बाटली, डब्यांची किणकिण, खालून कुठूनतरी खुळखुळा – आणि प्रत्येक आवाज कशाचा ते तिला न बघता सांगता आलं असतं. ऐकताय ना मेस्त्री, बोलकी पेटी आहे. बस वेळेवर येईल का, ही गाडीत झोपेल का, ठाऊक नव्हतं. चमच्याशिवायही काहीतरी राहिलंच असेल, ते वाटेत कळेल. लेकीनं तिच्या खांद्यावर गाल टेकला, तिचं सगळं वजन डाव्या हातावर आलं, आणि बाबांना द्यायचं उत्तर एकदम जिभेवर आलं. एवढी आहे, बाबा. एका हातात मावते. दुसरा मोकळा राहतो.