उजवं साधं, डावं अडकणारं

दुकानवालीने पेडल उचलून मोजणीदाराच्या तळहातावर ठेवलं आणि वरून आपल्या हाताने दाबलं. पेडलवरचे बारीक खिळे त्याला टोचले.

"टोचलं ना? बुटाच्या तळाला ते असंच धरून ठेवतात," ती म्हणाली. "डोंगरात नव्याने सायकल चालवणाऱ्याने हीच चपटी पेडलं घ्यावीत, काका. तोल गेला की पाय चटकन जमिनीवर. बूट अडकवायची पेडलं पुढे कधीतरी. आधी नीट पडायला शिका."

"पडायचं शिक्षण झालंय त्यांचं," त्याची बायको म्हणाली.

मोजणीदाराने पेडल खाली ठेवलं. चांगल्या सायकलीबरोबर पेडलं येतच नाहीत, हे त्याला आजच कळलं होतं. सायकल गेल्या आठवड्यापासून घरात भिंतीला टेकून उभी होती, बिनपेडलांची. आज ती टेम्पोतून दुकानात आणली होती.

उमेदीची सगळी वर्षं त्याने डोंगरांची मापं घेण्यात घालवली होती. मग एका वळणावर जीप घसरली. आता तो कचेरीत बसून इतरांनी काढलेले नकाशे तपासायचा. खिडकीतून ज्या टेकड्या दिसत, त्यातल्या बहुतेकींवर तो कधी ना कधी दुर्बीण खांद्यावर टाकून चढला होता. आता चढ चालून पाहिला की संध्याकाळी गुडघ्याखाली रक्त दिसे. सायकलची कल्पना त्याची स्वतःची. घरात ती कोणालाच पटली नव्हती.

दुकानामागच्या आवारात खडबडीत उतार होता. दुकानवालीने वापरातली चपटी पेडलं त्याच्या सायकलला लावली आणि तो निघाला. पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत दगडांवरून जाताना डावा पाय पेडलवरून सुटला. मोजणीदार मात्र समोर बघत, पाय पेडलवरच असल्यासारखा मांडीने जोर लावत राहिला. मोकळं पेडल गरकन फिरलं आणि त्याच्या नडगीवर आदळलं. टण् आवाज झाला.

दुकानवाली धावली. "काका, लागलं?" मग तिला आवाज आठवला असावा. ती त्याच्या पायाकडे बघत राहिली.

"अगं, त्यांचा ना..." बायकोने सुरुवात केली.

"थांब. मी सांगतो."

बायको थांबली. ते वाक्य तिच्या तोंडी बसलं होतं. दवाखान्यात, बसमध्ये, पाहुण्यांसमोर ती ते म्हणायची आणि तो दुसरीकडे बघायचा. त्याने वाकून पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली.

"इथून खाली माझा नाही," तो म्हणाला. "घसरला तरी मला कळत नाही. बघितलं तरच कळतं."

दुकानवाली उकिडवी बसली. ना ती चुकचुकली, ना तिने शाबासकी दिली. धातूची नळी, तिच्या टोकाला घातलेला बूट, सगळं तिने नीट पाहिलं.

"म्हणजे मघाशी मी जे सांगितलं ते तुमच्या निम्म्याच कामाचं."

"मग काय करायचं?"

"मला माहीत नाही."

मोजणीदाराने तिच्याकडे निरखून पाहिलं. डॉक्टर, साहेब, थोरला भाऊ, शेजारी, या पायाने काय करावं आणि काय करू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो सायकलच्या दांड्यावर हात टेकून हसला, अगदी मनापासून.

"बघू या," ती म्हणाली आणि आत जाऊन बूट अडकवायचं पेडल घेऊन आली. बुटाच्या तळाला पट्टी बसते, ती पेडलमध्ये खट्कन अडकते. टाच बाहेर वळवली की सुटते.

"ते नको," बायको म्हणाली. "पडले आणि पाय अडकलेलाच राहिला तर? मोडेल."

"मोडला तर नवा आणू. तो एक सुटा मिळतो."

बायकोला हसू आलं नाही. ती दोन्ही पेडलं हातात घेऊन उभी राहिली. एक खिळ्यांचं, एक खटक्याचं. बराच वेळ ती त्यांचं वजन केल्यासारखं करत होती.

"उजव्याला हे आणि डाव्याला ते, असं नाही चालत?"

"जोडीनेच विकतो आम्ही, काकू. दोन्ही एकसारखी."

"जोडी एकसारखीच असते असं कोणी सांगितलं? आमच्याकडे बघ."

दुकानवाली हसत हसत पाना शोधायला लागली.

तिने दोन्ही पेडलं लावली, त्याच्या डाव्या पायात पट्टी बसवलेला बूट चढवला आणि डाव्या पेडलची स्प्रिंग शक्य तितकी सैल केली. मोजणीदार भिंतीला धरून सायकलवर बसला आणि पाय अडकवायला, सोडवायला शिकू लागला. घोटा वळत नव्हता. मांडीपासून सगळा पाय फिरवला की सुटत होता. जमतंय असं वाटल्यावर त्याने भिंत सोडली. उतार नीट उतरला, वळला, वेग कमी केला आणि नेमका डावीकडे कलला. सायकलसकट तो धान्याच्या पोत्यासारखा सावकाश आडवा झाला.

बायकोने पाऊल उचललं. जमिनीवरूनच त्याने हात वर केला, येऊ नकोस म्हणून. ती होती तिथे थांबली. फक्त पदराचं टोक तिच्या मुठीत चुरगळलं. मोजणीदाराने मांडी फिरवली. खट्. पाय सुटला. तो एका गुडघ्यावर उठला, सायकल उभी केली, खरचटलेला तळवा पँटला पुसला.

"उजवीकडे कलायची सवय करायला हवी," तो स्वतःशीच म्हणाला.

आवाराच्या फाटकाबाहेरची वाट वळसे घेत टेकडीकडे जात होती. त्याने तिकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"जरा जाऊन येतो."

तिने मान हलवली. तो फाटकातून बाहेर पडला. पहिल्या वळणावर सायकल थोडी डगमगली, सावरली आणि झाडांमागे गेली.

तेवढ्यात बायकोच्या पिशवीत फोन वाजला. तिने काढून पाहिला. फोन त्याचा होता. ती फाटकापर्यंत गेली, हाक मारायला तिने तोंडही उघडलं. मग उभ्या उभ्याच तिने फोन बंद केला आणि पिशवीत तळाशी ठेवला.

"काकू, चहा मागवते. घेणार?"

"मागव," ती म्हणाली आणि स्टूल ओढून फाटकाकडे पाठ करून बसली. "त्यांना वेळ लागेल."