पडण्याला शोभेल असं कारण

“हलू नका. आणि खरं कारण तर मुळीच सांगू नका,” प्लास्टरमामा म्हणाले आणि त्यांनी पट्टी कोमट पाण्याच्या बादलीत सोडली. “घरी काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.”

समोरच्या स्टुलावर टेलरबाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. उजवं मनगट मोडलेलं, कोपर सोललेलं, मांडीला मुका मार आणि एक खांदा आखडलेला. एकाच पडण्यात कातडी, मांस, हाड आणि सांधा अशा चौघांनाही वाटा मिळाला होता. कुणी रुसायला जागा नव्हती.

मामा सगळ्या हॉस्पिटलचेच मामा. पायऱ्या उतरून गेल्यावर लागणाऱ्या त्या खोलीत त्यांनी उभी हयात लोकांचे हातपाय बांधण्यात घालवली. डॉक्टर हाड बसवायचे, मामा त्यावर प्लास्टर चढवायचे आणि प्लास्टरवर एक गोष्ट. कारण माणसं पडतात फार हलक्या कारणांनी. कुणी साबणावरून, कुणी स्वतःच्याच चपलेत अडकून, कुणी पायजम्याच्या एका पायात दोन्ही पाय घालून. “हाड काय, जुळून येतं,” मामा म्हणायचे, “अब्रूला प्लास्टर कोण घालणार?” म्हणून पट्टी घट्ट होईपर्यंत ते ज्याला त्याला शोभेलसं कारण शोधून देत. पायजमावाल्या बँकेच्या साहेबांना त्यांनी एक उधळलेला बैल दिला. साहेबांना तो इतका शोभला, की पुढे जो तो बैलच मागायला लागला. होता होता गावात त्या बैलाची अशी दहशत बसली, की नगरपालिकेनं त्याला धरायला माणसं पाठवली. त्यातले दोघं गटारात घसरून पडले. बांधून घ्यायला आले मामांकडेच, आणि जाताना बैल घेऊन गेले.

टेलरबाईंचं प्रकरण मात्र बैलानं सुटण्यातलं नव्हतं.

“मुलगा इकडे यायला निघालाय,” त्या म्हणाल्या. “मागे स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले, तेव्हाच त्यानं बजावलंय. पुन्हा पडलीस की घराला कुलूप, मशीन विकायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं. तेराव्या मजल्यावर! तिथं माझ्याकडून कपडे कोण शिवून घेणार? कावळे?”

“का, सून बरी नाही?”

“सोन्यासारखी आहे हो. तीच तर पंचाईत. पाणीसुद्धा हातात आणून देते. तिच्याकडे चार दिवस राहिलं, की उठायचं कसं तेच विसरायला होतं मला.”

पाण्यातले बुडबुडे थांबले. मामांनी पट्टी अलगद पिळली आणि कापसाच्या थरावर गुंडाळायला सुरुवात केली. बोटं रुतू न देता, तळहातानं चोळत.

“बैल घ्या.”

“म्हणजे रस्ता धोक्याचा. चल माझ्याकडे.”

“कपाट अंगावर आलं.”

“म्हणजे घर धोक्याचं. चल माझ्याकडे.”

“शेजारणीचं मूल गच्चीवरून पडत होतं, ते झेलायला गेलात.”

बाई क्षणभर हरखल्या. “हे छान आहे. पण शेजारीण माझ्याहून मोठी आहे, मामा. तिचं मूल झेलायचं तर क्रेन लागेल.”

मामांचे हात थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्लास्टर घट्ट होत आलं होतं आणि गोष्ट ओलीच होती.

“बरं, मग खरं काय झालं?” हा प्रश्न त्या खोलीत त्यांनी आजवर कुणाला विचारला नव्हता.

बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“सायकल.”

“सायकलनं उडवलं?”

“मीच होते हो वर. एक मुलगी ड्रेस घालून बघायला आत गेली. तिची सायकल बाहेर भिंतीला टेकलेली. म्हटलं, अजून जमतंय का बघावं. मामा, जमलं की! उतारानं अशी सुटले, दूधवाला मागे पडला, कुत्री भुंकायची विसरली. वळण आलं तिथं मी वळले आणि सायकल सरळ गेली.”

“हे मात्र कुणाला सांगू नका,” मामा कळवळून म्हणाले.

एवढ्यात बाहेर पायऱ्यांवर धपकन आवाज झाला. पाठोपाठ वॉर्डबॉयच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर लंगडत जो आत आला, तो टेलरबाईंचा मुलगा. घोटा बघता बघता टम्म फुगला. डॉक्टरीणबाई धावत आल्या, त्यांनी पाय दाबून, हलवून पाहिला. “लचकलाय असं दिसतंय. फोटो काढून खात्री करू. तोवर पाय उंच ठेवा, बर्फ लावा,” असं सांगून त्या गेल्या.

मामांनी त्याचा पाय खुर्चीवर ठेवला, वर बर्फाची पिशवी ठेवली. “कसं काय झालं?”

“स्ट्रेचर आलं अंगावर,” मुलगा आईकडे न बघता म्हणाला. “भरधाव. उडी मारली म्हणून वाचलो.”

बाहेरचा बोळ तर रिकामा होता. मामांनी त्याच्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं.

“पायरी चुकली म्हण की रे,” आई म्हणाली.

त्यानं बर्फाची पिशवी सरळ केली. मग म्हणाला, “पायरी चुकली.”

“मग मीही सांगते. सायकलवरून पडले.”

मामांनी डोळे मिटून घेतले.

“चक्कर आली?” मुलानं विचारलं.

“चक्कर कसली? उतार होता!”

“डोळ्यांपुढे अंधारी?”

“अंधारी? अरे, त्या दूधवाल्याचं तोंड अजून दिसतंय डोळ्यांपुढे.”

येताना सगळी वाट त्याला एकच दिसत होतं, की आई फरशीवर पडलीय आणि नळ वाहतोय. त्यानं ओठ घट्ट मिटले. मग खांदे हलायला लागले, आणि तो असा हसला की बर्फाची पिशवी खाली पडली.

“वळताना ब्रेक लावायचा असतो, आई.”

“आता सांगतोस?”

“हात बरा होईपर्यंत मशीनला शिवायचं नाही.”

“आणि नंतर?”

“नंतर तुझं तू बघ.” त्यानं आपल्या घोट्याकडे पाहिलं. “तोवर मी आहेच तुझ्याकडे. या पायानं मी तरी कुठं जाणार?”

फोटोत हाड शाबूत निघालं. मामांनी मुलाला क्रेप बँडेज बांधलं, बाईंचा हात गळ्यातल्या झोळीत घातला आणि बोटं हलवत राहायला बजावलं. वॉर्डबॉयनं चाकाची खुर्ची आणली. “तू बस,” आई म्हणाली. “तू बस,” मुलगा म्हणाला. शेवटी कुणीच बसलं नाही.

मुलानं आईच्या धड खांद्यावर हात टाकला आणि दोघं पायऱ्या सोडून स्ट्रेचरच्या उताराच्या वाटेनं वर निघाले. वॉर्डबॉय रिकामी खुर्ची ढकलत मागून. मामा कोपरापर्यंत पांढरे झालेले हात घेऊन दारात उभे राहिले. निम्म्यावर टेलरबाई थांबल्या, तसे मामा हाक मारणारच होते. पण त्या दमल्या नव्हत्या. मुलाला दम लागला होता. तो मागच्या खुर्चीत बसेपर्यंत त्या मुद्दाम पुढं बघत ताठ उभ्या होत्या.