अख्खी गोजरबाई

देऊळघाटचे वामनराव काशीला जाऊन आले, ती गोष्ट महाराष्ट्र झाल्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या सालची. लोक काशीला पाप धुवायला जातात. वामनराव फोटो काढून घ्यायला गेले होते. हे मी त्यांच्या तोंडावर बोललेलो आहे, तेव्हा इथं लिहायला भ्यायचं काही कारण नाही.

चिखलीचा तुळशीराम फोटोवाला त्यांनी सोबत नेला होता. भाडं, रिळं, खाणंपिणं सगळं वामनरावांकडून. तुळशीराम खूश होता. त्याचा सारा जन्म दोनच तऱ्हेच्या लोकांचे फोटो काढण्यात चालला होता, नवरा-नवरी आणि मेलेली माणसं. "दोघायलेबी हसा म्हनता येत नाई," असं तो म्हणायचा. काशीत त्याला पहिल्यांदा चालती-बोलती माणसं सापडली.

त्याच दिवसांत पुण्याच्या एका मासिकानं प्रवासातल्या फोटोंची स्पर्धा लावली होती. एकानं तीनच फोटो पाठवायचे. तुळशीरामनं ही गोष्ट परतीच्या गाडीत वामनरावांना सांगितली, आणि तिथंच त्याचं चुकलं. फोटो त्यानं काढलेले, नाव त्याचं जाणार; पण निवडायचे कोणी? तर रिळं ज्यानं घेतली त्यानं. ज्याचं वावर त्याचं पीक, हा आमच्याकडचा कायदा. कुळकायदा आला, कागद बदलले, डोकी तीच राहिली.

निवड ठरली गंगापूजनाच्या दिवशी. काशीहून आणलेलं गंगेचं पाणी गडूत असतं, आणि गडूचं तोंड झाळून बंद केलेलं असतं. घरी आल्यावर गडूची पूजा करायची, झाळ फोडायची, आल्यागेल्याच्या तळहातावर थेंब थेंब द्यायचा, मग पंगत. गडू फुटल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही आणि जेवणाला कोणी हात लावत नाही. त्यामुळे सारं गाव वामनरावांच्या ओसरीवर आणि अंगणात येऊन बसलेलं. मीही होतो. मी पूजेला गेलो नव्हतो, वरण-बट्टीला गेलो होतो.

मागच्या अंगणात बट्ट्या भाजणं चाललं होतं. पुढं ओसरीत घोंगडीवर तुळशीरामनं फोटो मांडले.

बहुतेक सगळ्या फोटोंत वामनराव. शेजारी त्यांची बायको शालूबाई, डोईवर पदर, ओठ मिटलेले. घाट बदलायचा, देऊळ बदलायचं, ही दोघं बदलायची नाहीत. एका फोटोत तर देवळाचा कळस वामनरावांच्या फेट्यातून उगवल्यासारखा दिसत होता.

"हा पाठव," वामनराव म्हणाले. "विश्वनाथाचं देऊळ."

शेजारचे कारभारी बायकोसह यात्रेत बरोबर होते. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "देऊळ कुठी हाय? मले तं तुमीच दिसून राह्यले."

"मांगं हाय."

"मंग सरकाचं नं जरासं."

"मी सरकलो असतो तं मी गेल्तो हे कसं समजलं असतं?"

मला हा मुद्दा बिनतोड वाटला.

मग कारभारींना स्वतःचा फोटो सापडला. नावेत बसलेले. त्यांचा चेहरा उतरला. "तुळशीराम, माह्ये पाय कुठी गेले बे?"

"नावेत हायेत दादा. नावेची कड आडवी आली."

"पाय नसलेला फोटो पुण्याले पाठवशील? लोकं म्हनतीन, लंगडं गेलं काशीले."

"पाय नाई तं नाई, तोंड तं आलं," कारभारींची बायको मनकर्णाबाई कडाडली. "मले तं या मुडद्यानं पाठमोरी काढली! आता पाठीवरून वळखून घ्याचं काय मले?"

हशा पिकला. तेवढ्यात गोजरबाई येऊन घोंगडीच्या कडेला टेकली.

गोजरबाई वामनरावांची थोरली बहीण. विशीतच तिचा नवरा वारला, ती माहेरी आली, आणि आई गेल्यावर वामनरावांना तिनंच लहानाचं मोठं केलं. यात्रेत तिला नेलं ते त्या मानापोटी नव्हे, बोचकी सांभाळायला कोणीतरी पाहिजे म्हणून. फोटोची वेळ आली की वामनराव म्हणायचे, "बाई, तू सामानापाशी बस." जोडप्याच्या फोटोत विधवा नको, अपशकुन होतो म्हणे. गंगेचा गडू मात्र काशीपासून देऊळघाटापर्यंत तिच्याच मांडीवर बसून आला. गंगेला विधवा चालते, कागदाला चालत नाही. या अकलेला काय म्हणावं ते मी लिहिलं तर कोणी छापणार नाही.

गोजरबाई एकेक फोटो उचलून पाहू लागली.

"हे माह्यं कोपर हाय," ती म्हणाली. दुसरा उचलला. "हा माह्या पदर. हे बोचकं आपलं." तिसऱ्यात एका कडेला नुसता हात होता. "हा हात माह्या. बांगडी नाई पाहा." आणि ती हसली. "काशीले मी तुकड्यातुकड्यानं गेल्ती वाटते."

तुळशीरामनं काळ्या कागदाच्या पाकिटातून एक फोटो काढला आणि घोंगडीवर ठेवला. हा त्यानं आजवर कोणाला दाखवला नव्हता.

काशीतल्या दुर्गेच्या देवळाजवळची भिंत. भिंतीवर माकड. माकडाच्या हातात फेट्याचं एक टोक, आणि खाली दुसरं टोक दोन्ही हातांनी ओढणारे वामनराव. प्रयागला मुंडण झालेलं, त्यामुळे डोक्यावर शेंडीशिवाय काही नाही, आणि ते डोकं उन्हात घासलेल्या तांब्यासारखं चमकतंय. या सगळ्याच्या पुढं, अगदी मधोमध, बोचक्यांच्या ढिगावर बसलेली गोजरबाई. पदर खांद्यावर आलेला, एक हात पोटावर, तोंड उघडं, डोळे मिटलेले. असं हसणं मी देऊळघाटात कोणाचं पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्यापासून केसापर्यंत सगळी त्यात होती.

कारभारींच्या नाकातून एक आवाज निघाला आणि सारी ओसरी फुटली.

गोजरबाई हसली नाही. तिनं फोटो दोन्ही हातांत धरला. "ही मीच हाय काय रे?"

"तुमीच आक्का."

"अख्खी हाय मी यात."

तुळशीरामनं धीर केला. "वामनभौ, दोन फोटो तुमच्या पसंतीचे. तिसरा हा जाऊ द्या. याच्यासारखा दुसरा माह्या हातून निंघाला नाई."

"फाड थो," वामनराव म्हणाले.

"काऊन?" गोजरबाईनं विचारलं.

"काऊन म्हंजे? रांडमुंड बाई भररस्त्यात दात काढून हसते. पुण्याचे लोकं काय म्हनतीन?"

"मी रांडमुंड हाव हे पुण्याच्या लोकायले कोन सांगते? तू जाशील सांगाले?"

"गोष्ट बाईच्या दाताची नाई," कारभारी म्हणाले. "टकलाची हाय."

वामनराव उठून उभे राहिले. "रिळं माह्ये हायेत! हा फोटो जानार नाई म्हनजे नाई!"

गोजरबाई फोटो कमरेला खोचून आत गेली. मला वाटलं, झालं. या घरात ती तीस-चाळीस वर्षं आत जातच आली होती.

तेवढ्यात भटजींनी हाक दिली, "गडू आणा." आणि गोजरबाई गडू घेऊन बाहेर आली. पण पाटाकडे गेली नाही. देवघराच्या उंबऱ्यावर बसली, गडू मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी कवटाळला.

"फोटो जाईन तं गडू देईन."

"बाई, येडी झाली काय? पाप लागीन!"

"लागू दे. आताच काशी करून आली. जागा रिकामी हाय."

भटजी म्हणाले मुहूर्त टळतो आहे. गोजरबाई म्हणाली टळू द्या, दुसरा निघीन. हिसकून घ्यायची कोणाची छाती नव्हती. गडू पडला, झाळ फुटली, गंगा उंबऱ्यात सांडली तर यात्राच बुडाली. मागून भाजल्या बट्ट्यांचा आणि तुपाचा वास येत होता. पंगत मांडी घालून बसलेली, समोर रिकाम्या पत्रावळी. भूक लागली की माणसं लवकर न्यायी होतात.

"वामनराव, बट्ट्यायचे दगड होऊन राह्यले!"

"अहो, टक्कल का तुमचं एकट्याचं हाय? पाठवा नं!"

"मी आता उपाशी मेलो तं तुळशीराम, माह्या फोटो पायासकट काढजो!" हे कारभारी.

आणि मग शालूबाई बोलली. नवऱ्यासमोर चारचौघांत ती बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "मी सगळ्या फोटोत हाव. एकातबी हसली नाई. यायनं हसू देलं नाई. अवो, जाऊ द्या नं थो फोटो."

वामनराव खाली बसले. गाव विरुद्ध, बायको विरुद्ध, माकड तर आधीपासूनच विरुद्ध. आवाज उतरवून ते तुळशीरामला म्हणाले, "ब्रशानं फेटा काढून देशील काय बे, डोक्शावर?"

"बारीक ब्रश हाय. होते."

"होते कसं?" उंबऱ्यावरून गोजरबाई. "एक फेटा माकडाजोळ, एक तुह्या डोक्शावर. पुण्याचे लोकं इचारतीन, हा मानूस काशीले दुकान घेऊन गेल्ता काय?"

"मंग माकड खोडून टाक."

"मंग मी कोनाले हसून राह्यली? तुले?"

"मलेच तं हसून राह्यली होती!" वामनराव ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी हात पुढं केला. गोजरबाईनं कमरेचा फोटो काढून दिला, पण दुसरं टोक सोडलं नाही. दोघं बहीणभाऊ एकच फोटो धरून पाहत बसले.

"लईच हसली वं बाई तू."

"हाव. पोट दुखलं दोन रोज."

"मले तवाच काऊन नाई सांगतलं, असा दिसतो म्हून?"

"तुह्यं डोक्सं मी न्हानपनी रोज धुतलं. मले नवं काय त्याच्यात?"

वामनरावांनी फोटो सोडला. "पाठव बे तुळशीराम. ब्रश नको लावू."

गडू फुटला. माझ्या तळहातावर थेंब पडला, तो मी चाटला, आणि मग बट्ट्या किती खाल्ल्या ते मनकर्णाबाई आजही मोजून सांगते, मी सांगत नाही.

स्पर्धेत आमच्या फोटोला काही मिळालं नाही. पुण्याच्या परीक्षकांना धुक्यातला एक डोंगर आवडला. त्यांचा डोंगर त्यांना लखलाभ. गोजरबाईनं निकाल ऐकून एवढंच विचारलं, "पण त्यायनं पाह्यला नं?" पाहिला म्हटल्यावर ती तुळशीरामला म्हणाली, "मंग आता एक घरच्यासाठी काढून दे. मोठा."

तो मोठा फोटो तिनं स्वतः खिळा ठोकून ओसरीत लावला, वामनरावांच्या बैठकीच्या बरोबर वर. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, आतल्या खोलीत लावू. तिनं ऐकलं नाही. आता बुलढाण्याहून कोणी पाहुणा आला, की पान खाता खाता वर पाहतो आणि हसत विचारतो, "हे टकलं कोन?" वामनराव सुपारी कातरण्यात गढून जातात. उत्तर आतून येतं.

"थो माह्या भाऊ," गोजरबाई ओरडून सांगते. "भिंतीवर बसला हाय, थो आमच्या नात्यातला नाई."