वाटीच्या तळाशी राहिलेलं

माधवनगरच्या चौकात माझा सरबताचा गाडा आहे. लिंबू, कोकम, उन्हाळ्यात पन्हं. चव चांगली असते, त्यात खोटं काही नाही. खोटा आहे तो बर्फ. कुपवाडला कारखान्यांसाठी लाद्या पाडतात. तो बर्फ कुणी खाऊ नये म्हणून त्यात निळा रंग घालायचा असतो. आमचा लादीवाला गाडेवाल्यांसाठी चार लाद्या बिनरंगाच्या बाजूला ठेवतो. पाणी तेच. मी ती लादी गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर आणतो. नऊ वर्षं आणतोय. गिऱ्हाईक ग्लास उजेडाला धरून बघतं, स्वच्छ दिसतं, पितं.

माझी पोरगी दीपमाला सातवीत आहे. शाळेत त्यांना शिकवलं, साखर पाण्यात विरघळली की दिसत नाही, पण ती जात नाही. साखर हे द्राव्य, पाणी हे द्रावक, दोन्ही मिळून द्रावण. पाणी आटवलं की साखर खाली सापडते. ज्ञानदा मॅडमनी सांगितलं, शनिवारी पालकांसमोर एका वाटीत घरचं सरबत आटवा आणि दुसऱ्या वाटीत नुसतं पाणी, म्हणजे फरक दिसेल. दीपमालाच्या डोक्यात आलं, नुसतं पाणी म्हणजे बर्फच की. तिनं माझ्याकडं गाड्यावरचा बर्फ मागितला.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, घे की.

शनिवारी पहिल्या वाटीत साखर उरली. दुसऱ्या वाटीत तपकिरी, चिकट कडं उरलं. वासही आला, जळक्या रबरासारखा. पोरं फिदीफिदी हसली. मॅडम म्हणाल्या, भांडं नीट घासलं नाहीस तू. दीपमाला सांगत होती, दोनदा घासलंय मॅडम. मॅडमनी वही मिटली आणि पुढच्या पोराला बोलावलं.

मी मागं पालकांत उभा होतो. गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी तोंड उघडलं आणि हसत म्हणालो, "घाई करते हो ती. घरी पण असंच."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मोबाईल काढला.

घरी आल्यावर तिनं दप्तर टाकलं आणि मोरीत बसून ती वाटी राखेनं घासली. गाड्यावरचा बर्फ घेऊन पुन्हा आटवला. तेच कडं. पुन्हा घासली. बोटांची कातडी लाल झाली होती. रेश्मा, माझी बायको, भाकरी थापायची थांबली. तिला सगळं ठाऊक आहे. आमच्या घरात सरबताला फ्रीजमधलाच बर्फ लागतो, गाड्यावरचा कधी घेत नाही. ते का, हे पोरीनं कधी विचारलं नव्हतं.

"आवं, सांगा तिला," रेश्मा हळूच म्हणाली. "न्हाईतर मी सांगते."

तिसऱ्यांदा वाटी गॅसवर चढली तेव्हा मी गॅस बंद केला.

"भांडं सोच्छ हाय," मी म्हणालो. "बर्फ घाण हाय. मला ठाऊक हुतं."

मला वाटलं रडेल. ती उभी राहून हिशेब लावल्यासारखी बघत राहिली.

"शाळेच्या खेळांना तुमी सरबत वाटलं, त्यात?"

"त्यात बी."

"मी चार ग्लास प्यायले. माझ्या मैत्रिणींनी पण." मग म्हणाली, "तवा मॅडमला का न्हाई सांगितलं?"

लाज वाटत होती म्हणून, असं म्हणालो असतो तर तेही खोटं ठरलं असतं. लाज आत्ता, घरात वाटत होती. तिथं नुसती भीती होती.

तिनं वही आणली. "निरीक्षण लिहायचं हाय. पदार्थ कुठनं घेतला ते लिहावं लागतं."

"कुपवाड. कारखान्यासाठीचा बर्फ."

तिनं लिहिलं. "आणि दिला कुणी?"

"ते बी लिहावं लागतं व्हय?"

ती पेन धरून थांबली. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, उदयसिंह, बापाचं नाव, आडनाव, जसं पोलीस ठाण्यात सांगतात तसं. तिनं एकही अक्षर न खोडता उतरवून घेतलं.

"सोमवारी मॅडमला हे वाचून दाखवणार हाय," ती म्हणाली. "तुमी यायचं."

सोमवारी गाडा लावला नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, मग काढून रोजचाच घातला आणि तिच्या मागं चालत शाळेकडं निघालो. ती चार पावलं पुढंच राहिली. मीही तिला गाठलं नाही.