उघडं फाटक

आधी वास आला. मग घारी दिसल्या. डेस म्हणाला, "कुणीतरी मटण भाजतंय वाटतं. जेवायला थांबू या का?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. दहा दिवस वाळू आणि दगडांतून गाडी हाकून त्याच्या कमरेचं भजं झालं होतं, पण जीभ शाबूत होती.

चढ ओलांडून गाडी वर आली आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

खाली फाटक दिसत होतं. त्याच्यापर्यंतचा रस्ता मात्र दिसत नव्हता. रस्त्यावर गुरं पडली होती. फाटकाला चिकटून, एकमेकांच्या अंगावर, कुंपणाच्या तारेत माना अडकवून, पोटं फुगलेली. डेस मोजायला लागला आणि तीसपर्यंत जाऊन त्यानं मोजणं सोडून दिलं.

"देवा," तो म्हणाला. "रोग आला की काय?"

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, एव्हरिलला, रोग दिसत नव्हता. तिला फाटक दिसत होतं. ते बंद होतं, आणि ते बंद कुणी केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काही क्षण तिला खरंच वाटलं, की आपण अजून मुक्कामाच्या घळीतल्या तंबूत झोपलोय आणि डेस आता चहा घेऊन उठवायला येईल.

दहा दिवसांपूर्वी ती दोघं या कुरणातून जायची परवानगी मागायला मालकिणीच्या घरी गेली होती. मालकीण म्हणजे टॅम्सिन, तिशीतली पोर, हातभर ग्रीस लागलेली. तिनं चहा दिला, एव्हरिलच्या बापाच्या गोष्टी ऐकून घेतल्या, वाटेतल्या ओढ्यांची माहिती दिली आणि निरोप देताना म्हणाली, "फाटकं जशी दिसतील तशीच ठेवा हं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद."

एव्हरिलला ते झोंबलं. गाडीत बसल्या बसल्या तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मला शिकवतेय! अरे, माझी नाळ पुरलीय इथं. माझ्या बापानं बावीस वर्षं हे कुरण सांभाळलं. ही पोर तेव्हा जन्मलीही नव्हती!"

"तिनं मुजराच करायला हवा होता, राणीसाहेब आल्यात म्हणून," डेस म्हणाला होता.

आणि मग हे तिसरं फाटक लागलं. सताड उघडं. लोखंडी नळ्यांचं, बापानं स्वतः जोडलेलं, वरच्या नळीवर त्याच्या नावाचं अक्षर. एकोणसत्तर वर्षांची एव्हरिल पोरीसारखी टुणकन खाली उतरली. "बघ, बघ! दुसऱ्याला शहाणपण शिकवते आणि स्वतःचं फाटक वाऱ्यावर. आमच्या अण्णांनी हे कधी, एक दिवसही, उघडं ठेवलं नाही." तिनं ते ओढलं, साखळी दोनदा गुंडाळली, आकडा अडकवला. अक्षरावरून हातही फिरवला. फार बरं वाटलं होतं तिला.

आता ती गाडीतून उतरली.

"अगं, जाऊ नकोस," डेस म्हणाला. ती गेली. नाकाला रुमाल लावून, पायांमधून, शिंगांमधून वाट काढत. फाटकाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, सिमेंटचा हौद होता. काठोकाठ भरलेला. वारा तिकडून इकडे येत होता. जनावरांना पाण्याचा वास येत होता तर! शेवटपर्यंत येत होता. कुंपणाचा एक खांब वाकला होता, तारा मात्र तुटल्या नव्हत्या.

पाच गाई अजून उभ्या होत्या. त्यांनी तोंडं फाटकाच्या नळ्यांवर टेकली होती आणि एव्हरिल जवळ आली तरी त्या हलल्या नाहीत. तिनं आकडा काढला. साखळी सोडवली. फाटक पलीकडे उघडलं, तशा त्या गाई एकेक पाऊल टाकत हौदाकडे निघाल्या. धावायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

तेवढ्यात धुळीचा लोट उठला. टॅम्सिनची गाडी आली ती अर्धवट वळूनच थांबली. ती उतरली, फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली. नुसती एका जनावरावरून दुसऱ्यावर तिची नजर जात होती.

"आठ दिवस दक्षिणेच्या रानात होते मी," ती शेवटी म्हणाली. कुणाला सांगत होती कोण जाणे. "गुरांच्या बाजूचा पाणवठा आटलाय दोन वर्षं झाली. म्हणून तर फाटक उघडं ठेवलं होतं. यांनी हौदावर येऊन प्यावं म्हणून."

"दोन वर्षं?" एव्हरिल म्हणाली.

"तुमच्या वडिलांच्या काळात तिकडे पाणी होतं. तेव्हा बंद ठेवत असतील."

डेस पुढे आला. त्यानं बायकोचा चेहरा पाहिला आणि पन्नास वर्षांच्या संसारात जे कधी केलं नव्हतं ते केलं. तो तिच्या वतीनं, तिच्या आधी बोलला. "ते नारिंगी ट्रेलरवालं जोडपं होतं ना, घळीत भेटलं होतं आम्हाला. शहरातली माणसं. त्यांनीच केलं असणार."

"तेच भेटले मला सकाळी पेट्रोल पंपावर," टॅम्सिन म्हणाली. "त्यांच्यामुळेच तर कळलं. म्हणाले, परवा येताना फाटकाशी गुरांची ही गर्दी, हॉर्न वाजवून वाजवून मागे हटवली, एकही बाहेर येऊ दिली नाही. आणि फाटक नीट लावून घेतलं. शाबासकी हवी होती त्यांना." तिचा आवाज फाटला. "फाटक बंद होतं म्हणून बंद ठेवलं म्हणे. घळीत एका आजीबाईंनी बजावून सांगितलं होतं. जसं दिसेल तसंच ठेवा."

एव्हरिलला शेकोटी आठवली. कढईत भाजलेली पावासारखी गरम भाकरी मोडून त्या पोरांच्या हातावर ठेवत तिनं फाटकांवर चांगलं अर्धा तास व्याख्यान झोडलं होतं. ती दोघं बिचारी मान डोलावत होती.

म्हणजे परवा ही सगळी जिवंत होती. परवा फाटक उघडलंही होतं. आणि तिच्याच शब्दाखातर पुन्हा लागलं होतं.

"त्यांच्या आधी कुणीतरी लावलं," टॅम्सिन म्हणाली. "कुणी ते सापडेलच मला. तुम्ही गेलात तेव्हा उघडं होतं ना? तुम्ही इथल्याच, तुमच्या लक्षात असेल."

डेसनं एव्हरिलचा दंड घट्ट धरला. त्याला काय म्हणायचंय ते तिला समजलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते.

"उघडं होतं," ती म्हणाली. "मी लावलं."

टॅम्सिन वळली.

"मी लावलं, पोरी. तू सांगितलं होतंस तरी. मला वाटलं, तुला कळत नाही. मला वाटलं..." ती रडली नाही. रडायचा हक्कच नाही असं तिला वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

टॅम्सिन गाडीकडे गेली, बंदूक घेऊन आली आणि आडव्या पडलेल्यांमध्ये ज्यांचे कान अजून हलत होते त्यांच्याकडे गेली. चार आवाज झाले. प्रत्येक आवाजाला एव्हरिल दचकली, पण तिनं तोंड फिरवलं नाही. हौदाशी पाच गाई पीत होत्या. एकदम जास्त प्यायल्या तर मरतील, हे तिला बापानं शिकवलेलं आठवत होतं. ती जाऊन त्यांना हातानं मागे सारू लागली. आठवत होतं सगळं. काय बदललंय तेवढं विचारायचं राहिलं होतं.

टॅम्सिन परत आली ती पाना घेऊन. फाटकाच्या बिजागरीला तिनं पाना लावला. गंजलेला बोल्ट करकरत सुटला.

"काय करतेस?" डेसनं विचारलं.

"काढतेय. आता उघडं नको नि बंद नको." ती एव्हरिलकडे न बघता म्हणाली, "दुसरी बाजू धरा."

एव्हरिलनं धरली. बापाचं अक्षर नेमकं तिच्या बोटांखाली आलं होतं. दोघींनी मिळून फाटक उचललं, कुंपणापासून दूर नेलं आणि जमिनीवर पालथं घातलं. अक्षर मातीत गेलं. एव्हरिलनं ते तसंच ठेवलं.