सहा वाजताची वाटी

आमच्या घरात सकाळी सहाला चहाच्या आधी गोमूत्राचा वास येतो. आई खापा गावच्या एका वैद्याकडून बाटली आणते, वाटीत ओतते आणि माझ्या बायकोपुढे धरते. मूल व्हावं म्हणून. भूमिका नाक दाबून पिते आणि मोरीत जाऊन ओकते. दोन वर्षं हेच चाललंय. मी आतल्या खोलीत पेपर वाचत बसतो.

मला माझीच किळस येते. कारण सहा महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, शाळेपासूनच्या शुगरनं माझ्या नसा बिघडल्यात, वीर्य बाहेर न पडता मागे लघवीच्या पिशवीत जातं. उपाय आहे. लघवीतलं आम्ल कमी व्हावं म्हणून दोन दिवस खायचा सोडा पाण्यातून घ्यायचा, मग दवाखान्यात लघवी द्यायची. त्यातून शुक्राणू वेगळे काढून भूमिकेच्या गर्भाशयात सोडतात. "घरी सांगू नको," मी तिला म्हणालो. तिनं नाही सांगितलं. वाटी मात्र पीत राहिली.

सोमवारची तारीख मिळाली. शनिवारी सकाळी सोडा ढवळताना आईनं पकडलं.

"काय पिऊन राहिला गा?"

मी सगळं सांगून टाकलं. आईनं पदर नाकाला लावला.

"शी! मुतातलं पोरगं? त्याले देवघरात कसं न्यावं मी? माह्या पोट्ट्यात काही दोष नाही. डॉक्टर लुबाडून राहिले तुले." बोलता बोलता तिचा हात वाटी भरत होता. "घे वं भूमिका."

एका मुताला नाक मुरडायचं आणि दुसरं सुनेच्या घशात ओतायचं! आणि मी शहाणा, दाराआड बसून तिचं ओकणं ऐकायचो.

भूमिकेच्या हातातली वाटी घेतली आणि एका दमात प्यायलो.

"तू काहून पेतं?" आई किंचाळली.

"दोष माहा हाये म्हणून."

मोरीत वाकून ओकलो. आता भूमिका पाठीवरून हात फिरवेल, असं वाटलं होतं. ती सोड्याचा अर्धा राहिलेला ग्लास घेऊन दारात उभी होती.

"हे पुरं करा. सोमवारी येईन मी दवाखान्यात."

मी ग्लास घेतला.

"पण एका वाटीनं फिटलं, असं समजू नका."